एआरडीएसमध्ये स्टेम सेल देतात का? भाऊ व्हेंटिलेटरवर आहे, माहिती हवी आहे

रानहळद | १७ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

माझा धाकटा भाऊ, वय ३४, आमचं गाव कुडाळजवळ. लावणी चालू होती, आठ-दहा दिवस सतत चिखलात, पायाला चिखल्या झालेल्या. ताप आला तो दोन दिवस अंगावर काढला, मग पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की उभं राहवेना, डोळे लालभडक. गावच्या डॉक्टरांनी बघताक्षणी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होतो तो ताप) म्हणून सांगितलं आणि पुढे धाडलं पण तोवर थुंकीतून रक्त यायला लागलेलं. आता गोव्यात आयसीयूत आहे, व्हेंटिलेटरचा आज चौथा दिवस. एआरडीएस झालाय म्हणतात, सिव्हिअर, पीएफ रेशो काल ९२ होता. मला त्यातलं काही कळत नाही, आकडा वहीत लिहून ठेवते एवढंच.

आता खरा प्रश्न. आत्तेभावाच्या ओळखीतला एकजण परवापासून फोन करतोय. स्टेम सेल दिल्या की फुफ्फुस आतून नवीन तयार होतं, एक डोस साडेचार लाखाचा, दोन लागतील, माल विमानाने येईल पण पैसे आधी. इथल्या डॉक्टरांना विचारलं तर "आम्ही देत नाही" म्हणाले आणि राउंडला पुढे गेले. गर्दी एवढी आहे की त्यांना तरी काय बोलणार. वहिनी म्हणते दागिने मोडूया, बाबा म्हणतात काजूचा तुकडा विकतो. उद्या संध्याकाळपर्यंत त्या माणसाला कळवायचंय. कोणाला खरंच माहीत असेल तर सांगा, रात्रभर जागी आहे.

अतिदक्ष | १८ जुलै, रात्री १२:२५

ताई, मी नाशिकला आयसीयूत काम करतो. तुमच्या भावाला मी बघितलेलं नाही म्हणून त्याच्याबद्दल बोलणार नाही, आजाराबद्दल बोलतो. पण आधी हे, उद्या पैसे देऊ नका. काजूचा तुकडा तर अजिबात नको.

तुमच्या वहीतल्या आकड्याचा अर्थ सांगतो. रक्तात किती ऑक्सिजन पोचतोय भागिले आपण हवेतून किती देतोय, तो पीएफ रेशो. धडधाकट माणसाचा साडेचारशेच्या आसपास. ३०० च्या खाली गेला की एआरडीएस, १०० च्या खाली सिव्हिअर. म्हणजे ९२ वाईट आहे पण उद्याचा ११० आला तर ती चांगली खूण, म्हणून वहीत लिहिताय ते लिहितच रहा.

फुफ्फुसात हवेचे करोडो बारीक फुगे असतात, भिंत इतकी पातळ की तिच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो. लेप्टोत, न्यूमोनियात, सेप्सिसमध्ये, पॅन्क्रिआसला सूज आल्यावर ही भिंत गळायला लागते, फुग्यात पाणी, प्रथिनं, कधी रक्त भरतं. यालाच एआरडीएस म्हणतात. आजार म्हणून तो पहिल्यांदा १९६७ साली मांडला गेला, डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ पेशंटवरून. तेव्हापासून शेकड्याने औषधं तपासून झालीत आणि जे सगळ्यात ठाम ठरलं ते औषध नव्हतंच. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटवर बघितलं की व्हेंटिलेटरने मोठा श्वास द्यायच्या ऐवजी छोटा दिला, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले. पाच फूट सात इंचाच्या माणसाला साधारण ४०० मिली, एवढाच श्वास. सुजलेलं फुफ्फुस जास्त ताणलं की अजून फाटतं, साधी गोष्ट, पण ती कळायला ३३ वर्षं लागली.

उद्या विचारायचंच असेल तर "स्टेम सेल देता का" असं नको, "पालथं झोपवताय का, रोज किती तास" असं विचारा. आणि लेप्टोचं अँटिबायोटिक चालू असेलच, तेही एकदा विचारून घ्या.

नेरूरपारचो | १८ जुलै, रात्री १२:५०

ताई देवाक काळजी. रगत लागला तर सांगा, माजो भाचो पणजेक आसा, तेका धाडतंय. नंबर मेसेजात टाकलाय.

सिस्टर_सुनंदा | १८ जुलै, सकाळी ६:१०

नाईट संपवून आत्ता वाचलं. रानहळद, पालथं म्हणजे प्रोन, ते बघून घाबरू नका हां. नातेवाईक दारातून बघतात आणि रडायला लागतात कारण पेशंटचं तोंड सुजतं, पापण्या सुजतात, वाटतं काहीतरी बिघडलं. ती सूज उतरते. आम्ही पाच जण लागतो, एकजण डोक्याशी फक्त नळी धरून, तो म्हणेल तेव्हाच बाकीच्यांनी वळवायचं. डोळ्यात जेल घालून पट्टी, कपाळाखाली हनुवटीखाली मऊ गादी, दर दोन तासांनी मान फिरवायची. सोळा तास तसं ठेवायचं मग पाठीवर. हे माझ्या वॉर्डात मी शंभर वेळा तरी केलं असेल आणि सॅच्युरेशन ८४ वरून ९३ जाताना डोळ्यांनी बघितलंय, प्रत्येकाचं नाही जात पण ज्यांचं जातं त्यांचं अर्ध्या तासात कळतं.

भेटायच्या वेळेत हाताला हात लावून बोला त्याच्याशी. झोपेचं औषध चालू असलं तरी बोला.

विक्रांत_के | १८ जुलै, सकाळी ८:३०

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. डॉक्टर लोक नवीन गोष्टीला पटकन नाही म्हणतात असं वाटतं. मायामीच्या अभ्यासात कोविडच्या एआरडीएसवर नाळेच्या स्टेम सेल दिल्या, २०२१ साली छापून आलंय, एका महिन्यानंतर सेल दिलेल्यांपैकी ९१ टक्के जिवंत आणि न दिलेल्यांपैकी ४२ टक्के. एवढा फरक? माझा भाऊ असता तर मी घर गहाण टाकलं असतं. जाणारा माणूस असेल तर प्रयत्न करायला काय हरकत आहे?

पेशीवाली | १८ जुलै, सकाळी ९:१५

विक्रांत, अभ्यास खरा आहे आणि आकडेही बरोबर आहेत. पण त्यात माणसं किती होती? २४. बारा इकडे, बारा तिकडे. बारा माणसांत दोघातिघांचं दैव इकडचं तिकडे झालं तरी टक्केवारी कुठल्या कुठे जाते.

मी पुण्यात प्रयोगशाळेत याच पेशी वाढवते, सहा वर्षं झाली, त्यामुळे या विषयावर लिहायला बसले की थांबत नाही, आधीच माफी.

पहिलं म्हणजे त्या फोनवाल्याचं "फुफ्फुस नवीन तयार होतं" हे वाक्य. नाही होत. ज्या पेशी एआरडीएसमध्ये देऊन बघितल्यात त्यांना एमएससी (मेसेन्कायमल स्टेम सेल) म्हणतात, हाडाच्या मगजातून, चरबीतून किंवा नाळेतल्या जेलीतून काढतात. शिरेतून दिल्या की त्या हृदयातून थेट फुफ्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत जाऊन अडकतात. म्हणून तर फुफ्फुसाच्या आजारात त्यांची एवढी आशा वाटली, जिथे दुखणं तिथेच औषध थांबतंय. पण बहुतेक पेशी एक-दोन दिवसात मरून जातात. त्या फुफ्फुसाच्या पेशी होत नाहीत. जाता जाता जे सोडतात त्याचा उपयोग. सूज आवरणारे रेणू, गळकी भिंत बंद करायला मदत करणारे रेणू, जंतू मारणारं एक प्रथिन. २०१२ साली कोलंबिया विद्यापीठात जहर भट्टाचार्य यांच्या गटाने उंदरात दाखवलं की या पेशी आपली मायटोकाँड्रियासुद्धा, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी यंत्रं, फुफ्फुसाच्या थकलेल्या पेशींना देऊन टाकतात. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते, त्याच आठवड्यात ठरवलं की यातच काम करायचं. १९९१ मध्ये ज्यांनी या पेशींना "स्टेम सेल" हे नाव रूढ केलं त्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ साली लिहिलं की नाव बदला, लोकांचा गैरसमज होतोय. तोच गैरसमज आज साडेचार लाखाला विकला जातोय.

सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मॅथे म्हणून आहेत, यातलं सगळ्यात पायाभूत काम त्यांच्या गटाचं. प्रत्यारोपणाला न चाललेली माणसाची फुफ्फुसं घेतली, त्यांना जंतूंच्या विषाने इजा केली आणि मग या पेशी घातल्या, तर फुग्यातलं पाणी परत उपसलं जायला लागलं. २००९ ची गोष्ट. यात केजीएफ नावाचा एक रेणू महत्त्वाचा निघाला. मग बेलफास्टमध्ये विचार केला की पेशी कशाला, नुसतं केजीएफच देऊ. ६० पेशंटवर दिलं आणि फायदा तर नाहीच, उलट नुकसान होत असावं अशी लक्षणं दिसली. प्रयोगशाळेत सुंदर चाललेली गोष्ट आयसीयूच्या दारात कशी अडते त्याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

मग खुद्द पेशींची ट्रायल, २०१९ ला निकाल आला, ६० पेशंट, ४० जणांना पेशी, २० जणांना नुसतं द्रावण. किलोमागे एक कोटी पेशी. म्हणजे तुमच्या भावाचं वजन ६० किलो धरलं तर ६० कोटी! पेशींमुळे कोणाला अपाय झाला नाही, ही मोठी गोष्ट. पण २८ दिवसांत पेशी मिळालेल्यांपैकी ३० टक्के गेले आणि न मिळालेल्यांपैकी १५ टक्के. आता याचाही उलटा अर्थ काढू नका, पेशी मिळालेला गट मुळातच जास्त आजारी होता आणि २० माणसांवरून काही सिद्ध होत नाही. मायामीला मी जो नियम लावला तोच इथे लावायला हवा.

मला यातला सगळ्यात मोलाचा तपशील वेगळाच वाटतो. पेशी गोठवून ठेवतात, देताना वितळवतात. वितळवल्यावर जिवंत किती निघाल्या? काही पेशंटच्या वेळी ८५ टक्के, काहींच्या वेळी फक्त ३६. आणि हे उत्तम लॅब असलेल्या हॉस्पिटलांत! डबा विमानाने येईल म्हणतो तो माणूस, त्या डब्यात काय जिवंत असेल ते कोण मोजणार आहे? मी रोज मोजते, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली, मेलेली पेशी निळी होते. कितीतरी वेळा अख्खं ताट निळं बघितलंय.

सुहास_ठाणे | १८ जुलै, दुपारी १:०५

मी इथे सहसा फक्त वाचतो.

एप्रिल २०२१. बाबा व्हेंटिलेटरवर, कोविड. आम्हालाही असाच फोन आला होता, सहा लाख. पैसे होते माझ्याकडे, फ्लॅटच्या हप्त्यासाठी ठेवलेले. मी नाही म्हटलं. आई म्हणाली देऊन बघूया, मी म्हटलं फसवतायत. ९ मेला बाबा गेले. आई कधी बोलली नाही त्यावर पण मला दर वर्षी मे आला की तेच. वरती ९१ टक्के वाचलं आणि ऑफिसमध्ये उठून बाहेर जाऊन बसलो.

पेशीवाली, खरं सांगा. दिल्या असत्या तर?

विक्रांत_के | १८ जुलै, दुपारी १:२०

सुहासदादा, माफ करा. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पेशीवाली | १८ जुलै, दुपारी २:००

सुहास, एका माणसाचं "असत्या तर" कोणालाच सांगता येत नाही. पण तेव्हा जे माहीत होतं आणि नंतर जे कळलं ते सांगते, नीट वाचा.

अमेरिकेत याच पेशींची सगळ्यात मोठी ट्रायल चालू होती, व्हेंटिलेटरवरचे कोविडचेच पेशंट, तुमच्या बाबांसारखे. ३०० घ्यायचे होते. २२२ झाल्यावर देखरेख समितीने सांगितलं की पुढे चालवून फायदा दिसण्याची शक्यता नाही, नवीन पेशंट घेऊ नका. तीस दिवसांतले मृत्यू पेशी दिलेल्यांत ३७.५ टक्के, न दिलेल्यांत ४२.७. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही येतो. आणि हे थांबवलं कधी? डिसेंबर २०२० मध्ये. तुम्हाला फोन आला त्याच्या चार महिने आधी. नंतर फ्रान्समधून आणि बेलफास्टमधून निकाल आले, दोन्हीकडे ऑक्सिजनमध्ये काही फरक नाही.

त्यामुळे तुम्ही बाबांना वाचवणारं औषध नाकारलं नाही. तसं औषध तेव्हा नव्हतं. जे होतं ते डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, इंग्लंडमध्ये २०२० च्या जूनमध्ये कळलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमध्ये त्याने मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर येतात, काही रुपयांचं इंजेक्शन, आणि ते बाबांना एप्रिलमध्ये मिळालंच असणार.

सुहास_ठाणे | १८ जुलै, दुपारी ३:३०

मिळालं होतं. फाइल काढून बघितली आत्ता. डेक्सा ६ मिग्रॅ रोज.

आज रात्री आईला हे वाचून दाखवणार आहे.

मिनूचीआई | १८ जुलै, दुपारी ४:१०

थोडा वेगळा प्रश्न. मुलीच्या वेळी आम्ही नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय, दर वर्षी पैसे भरतो. घरात कोणाला असं झालं तर ते वापरता येईल ना?

अतिदक्ष | १८ जुलै, दुपारी ४:४५

नाही. नाळेच्या रक्तात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात, त्या ल्युकेमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत कामाच्या. एमएससी वेगळ्या. आणि एआरडीएस तासांत वाढतो, पेशी वाढवायला आठवडे लागतात, म्हणून ट्रायलमध्ये तयार ठेवलेल्या, दुसऱ्याच कोणाच्या पेशी देतात.

आता विक्रांतच्या "काय हरकत आहे" बद्दल, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी नातेवाईक विचारतात आणि रागाने नाही, जीव तुटतो म्हणून विचारतात. हरकत अशी की आपल्याकडे कायद्याने हे औषध आहे, आणि आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट म्हणतात की रक्ताच्या आजारातलं प्रत्यारोपण वगैरे मान्य झालेल्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायच्या. ट्रायल असेल तर ती सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली असते, एथिक्स कमिटी असते, तुमच्या भाषेत संमतीपत्र असतं, काही झालं तर नुकसानभरपाईची सोय असते आणि पेशंटकडून त्या औषधाचे पैसे घेत नाहीत. म्हणून रानहळदताई, त्या माणसाला दोनच गोष्टी विचारा. सीटीआरआयचा नंबर काय, आणि ट्रायल असेल तर पैसे कशाचे. शिवाय तपासलेल्या नसलेल्या पेशींतून जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, आणि लेप्टोने आधीच रक्त गळणाऱ्या फुफ्फुसात काय जातंय ते मलाही सांगता येणार नाही.

आणि जाणारा माणूस म्हणू नका हो. सिव्हिअर एआरडीएसमधूनही निम्म्याहून जास्त घरी जातात, ५० देशांच्या पाहणीत सिव्हिअरमध्ये ४६ टक्के मृत्यू होते, म्हणजे ५४ वाचले.

रानहळद | १८ जुलै, रात्री ९:२०

विचारलं. नंबर नाही म्हणाला, एका प्रमाणपत्राचा फोटो पाठवला त्यावर कुठल्याशा परिषदेत भाग घेतल्याचं लिहिलंय. ट्रायल नाही ही स्पेशल ट्रीटमेंट आहे म्हणाला. पैसे कशाचे विचारल्यावर आवाज चढवला, "तुमच्या माणसाची किंमत नाही तुम्हाला". मी फोन वहिनीकडे दिला, तिने ऐकलं आणि ठेवून दिला. दागिने मोडायचे नाहीत असं तीच म्हणाली.

सुनंदाताई, त्याला काल रात्रीपासून पालथं करतायत, मी घाबरले नाही तुमच्यामुळे. सकाळी १०४, संध्याकाळी १३८.

सिस्टर_सुनंदा | १८ जुलै, रात्री ९:४०

१३८!! जेवलात का तुम्ही? जेवून घ्या.

विक्रांत_के | १९ जुलै, सकाळी ७:५०

रात्री बसून सगळं वाचलं. एक विचारतो, वाद म्हणून नाही. मग हे सगळं संशोधन संपलं का? फुकट गेलं?

पेशीवाली | १९ जुलै, सकाळी १०:३०

नाही! आणि हे तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. ज्या पेशी त्या २२२ जणांच्या ट्रायलमध्ये चालल्या नाहीत त्यांनाच डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, लहान मुलांत बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी मुलाच्याच शरीरावर उलटतात आणि स्टिरॉइडला दाद देत नाहीत त्या आजारासाठी. आपल्याकडे बंगळुरूत बनलेल्या एमएससीला पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याच्या आजारासाठी मान्यता आहे. म्हणजे पेशी खोट्या नाहीत. एआरडीएसमध्ये, आत्तापर्यंत दिल्या तशा, त्या पुरल्या नाहीत.

का पुरल्या नाहीत यावर आमच्यात कडाक्याचे वाद होतात. मला वाटतं सगळ्यात मोठी अडचण ही की एआरडीएस हा एक आजार नाहीच. लेप्टो, कोविड, पॅन्क्रिआस, बुडालेला माणूस, सगळ्यांना एकच नाव. सॅन फ्रान्सिस्कोच्याच कॅरोलिन कॅल्फी यांनी २०१४ पासून दाखवलंय की रक्तातल्या खुणांवरून निदान दोन गट पडतात, एकात सूज भडकलेली, एकात बेताची. दोघांना एकच औषध दिलं तर एकाचा फायदा दुसऱ्यात बुडून जातो. मग वेळेचा प्रश्न, पहिल्या दिवशी द्यायच्या की पाचव्या. मग गोठवण्याचा प्रश्न. काहीजण पेशीच काढून टाकून तिने सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या देऊन बघतायत, त्या साठवायला सोप्या. पण त्याही उद्या कोणीतरी फोनवरून विकायला काढेल म्हणून आत्ताच सांगते, त्याही ट्रायलमध्येच.

रानहळद | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

उशीर झाला लिहायला. मध्ये दोन वेळा खूप खाली गेलं होतं, डायलिसिसही लागलं, ते दिवस लिहवत नाहीत. नेरूरपारचो, तुमचा भाचा तीनदा आला, एकदा तर पावसात स्कूटरवरून. काय बोलू.

२९ तारखेला नळी काढली. आवाज नव्हता म्हणून पाटी दिली तर पहिलं लिहिलं, "वरचो कुणगो लावलास?" (कुणगो म्हणजे भातशेतीचा तुकडा.) बाबा म्हणाले लावला. खरं म्हणजे तो शेजाऱ्यांनी लावला. कालपासून वॉर्डात आहे, नाकाला ऑक्सिजन २ लिटर, चार पावलं चाललं की बसतो, हातातून भाकरीचा तुकडा पडतो. ते तीन चेंडूंचं फुंकायचं खेळणं असतं त्यातला एक चेंडू वर जातो अजून. किती दिवस लागतात हो?

आणि हॉस्पिटलच्या खर्चाचं काय करायचं तो वेगळा धागा काढेन.

अतिदक्ष | ३ ऑगस्ट, रात्री ११:००

खूप बरं वाटलं. एक दुरुस्ती, तो चेंडू फुंकायचा नाही, श्वास आत ओढायचा. तासाला दहा वेळा. हातापायातली ताकद यायला महिने लागतात, सहा महिने धरून चला, फुफ्फुस त्याच्या आधी सुधारतं बहुतेक वेळा. रात्री दचकून उठेल, भलतंसलतं दिसल्याचं सांगेल, तेही आयसीयूनंतर होतं, त्याला एकट्याला झोपवू नका. महाराष्ट्राचं रेशनकार्ड असेल तर पुढच्या उपचारासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं ते योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला विचारा.

रानहळद | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

ओढायचा! तो आठवडाभर फुंकतोय. आत्ताच सांगितलं त्याला.

अजून एक. आयसीयूबाहेर बाकावर एक काकी असतात, त्यांचा मुलगा आत आहे, न्यूमोनिया. त्यांना काल फोन आलाय, तोच नंबर. मी त्यांच्याजवळ बसून ६० कोटी पेशींचा हिशोब मालवणीत सांगितला पण नीट जमला नाही. पेशीवालीताई, तो निळ्या रंगाचा भाग परत एकदा सोपा करून लिहाल का, मी दुपारी भेटायच्या वेळेआधी त्यांना वाचून दाखवते.